अक्षरास अक्षर : सी भाषेतला तक्ता आणि त्याच्या मर्यादा



आजचा विषय वाचून काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं सी भाषेशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते. आमचं म्हणणं असं, की एखाद्या युक्तीचीही समीक्षा करता येते. ज्या युक्तीच्या पोटात भाषेविषयीचं एक मत दडलेलं असतं, तिची तर करायलाच हवी. आज आपण अशी एकच युक्ती घेणार आहोत. तक्ता पाहून अक्षराच्या जागी अक्षर ठेवण्याची.

आधी युक्ती समजून घेऊ. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटं धीर धरावा.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी मोठ्या 'ए'चा आकडा ६५, छोट्या 'ए'चा ९७. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे आकडे मावतात. तेव्हा २५६ घरांचा एक तक्ता करायचा, घरांना ० ते २५५ असे क्रमांक द्यायचे. सुरुवातीला प्रत्येक घरात त्याचाच क्रमांक लिहायचा, म्हणजे ज्या अक्षराविषयी आपल्याला काही म्हणायचं नाही ते जसंच्या तसं राहील. मग जिथे बदल हवा तिथेच बदल करायचा, म्हणजे ६५च्या घरात ९७, ६६च्या घरात ९८, याप्रमाणे. तक्ता तयार झाला की काम सोपं. मजकुरातलं एकेक अक्षर उचला, त्याच्या क्रमांकाच्या घरात डोकवा, तिथे जे असेल ते त्याच्या जागी ठेवा, पुढे चला. शून्य आलं की थांबा, कारण सी भाषेत मजकुराचा शेवट शून्याने दाखवतात. म्हणून एक पथ्य पाळावं लागतं. शून्याच्या घरात शून्यच असलं पाहिजे आणि दुसऱ्या कुठल्याही घरात शून्य असता कामा नये. नाहीतर मजकूर मध्येच संपतो, किंवा संपतच नाही.

आमच्या पिढीला हे नवं वाटू नये. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली. अमक्याचं पाऊण किती, असा प्रश्न आला की गुणाकार करायचा नाही, घोकलेलं उत्तर काढून द्यायचं. दुकानातला मुनीम याच तक्त्यावर जगत असे. विचार आधी एकदाच करून ठेवायचा आणि व्यवहाराच्या वेळी फक्त पाहायचं, एवढंच यात तत्त्व आहे. गती त्यातून येते.

आता या युक्तीची बाजू मांडतो. कर्निगन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक १९७८ साली निघालं, दुसरी आवृत्ती १९८८ची. सीवर लिहिलेलं इतकं नेटकं पुस्तक दुसरं नाही, असं जाणकार म्हणतात, आणि वाचल्यावर आम्हालाही ते पटलं. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात मोठ्या अक्षराचं छोटं करण्याचं एक चिमुकलं फंक्शन आहे. तिथे तक्ता नाही, बेरीज आहे. 'ए'ची दोन रूपं ३२च्या अंतरावर, 'बी'चीही ३२च्या अंतरावर. मग मिळवा ३२, झालं. लेखक मात्र प्रामाणिक आहेत. हे फक्त आस्की या अक्षरसंचापुरतं खरं आहे, असं ते तिथेच सांगतात. आयबीएमच्या एबसिडिक संचात अक्षरं सलग नाहीत. 'आय' आणि 'जे' यांच्यामध्ये खिंडार आहे, 'आर' आणि 'एस' यांच्यामध्येही आहे.

बेरीज आणि तक्ता यांतला फरक इथे दिसतो. बेरीज एक सिद्धांत मांडते, की जगाची मांडणी नियमित आहे. तक्ता तसला कुठलाच सिद्धांत मांडत नाही. तो प्रत्येक अक्षराविषयी वेगळं उत्तर द्यायला तयार असतो. खिंडारं असली तरी त्याचं काही अडत नाही.

आपल्या भारतीय लिप्यांचं उदाहरण घ्या. युनिकोडमध्ये त्यांचे कप्पे मुद्दाम समांतर ठेवले आहेत. देवनागरी 'क'च्या आकड्यात १२८ मिळवा, बंगाली 'क' मिळतो. 'ग'ला मिळवा, बंगाली 'ग'. वा! लिप्यंतर म्हणजे एक बेरीजच की. पण 'बाळ' शब्द घेऊन बघा. 'ळ'मध्ये १२८ मिळवले की आपण एका रिकाम्या घरात पोचतो. तिथे अक्षरच नाही. 'व'चंही तेच. बेरीज करणाऱ्याला आपण रिकाम्या घरात उभे आहोत हे कळतसुद्धा नाही. तक्ता करणारा मात्र 'ळ'पाशी थांबतो. इथे काय लिहू? 'ल' लिहू का? हा निर्णय माणसाने घ्यायचा असतो, आणि तक्त्यात तो लिहिलेला दिसतो. उद्या कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येतो. तक्त्याची ही बाजू आम्हाला फार मोलाची वाटते.

बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडलं, त्यात 'टीआर' नावाची एक आज्ञा आहे. तिला दोन याद्या द्यायच्या. पहिल्या यादीतल्या पहिल्या अक्षराच्या जागी दुसरीतलं पहिलं, दुसऱ्याच्या जागी दुसरं. आत काम करतो तो आपला तक्ताच. संस्कृत व्याकरण शिकलेला माणूस हे पाहून हसेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातलं दहावं सूत्र नेमकं हेच सांगतं : दोन याद्या समान लांबीच्या असतील तर क्रमाने जोड्या लावाव्यात. इ, उ, ऋ, लृ ही एक यादी. य, व, र, ल ही दुसरी. इच्या जागी य, उच्या जागी व.

'समान लांबीच्या' या अटीकडे लक्ष द्या. ती फुकट घातलेली नाही. 'टीआर'ला पहिली यादी लांब आणि दुसरी आखूड दिली तर काय होतं? बर्कलीच्या परंपरेत दुसऱ्या यादीतलं शेवटचं अक्षरच पुढे पुन्हा पुन्हा वापरलं जातं. सिस्टिम फाइव्हच्या परंपरेत पहिल्या यादीतली उरलेली अक्षरं सोडून दिली जातात. म्हणजे आज्ञा एक, घराणी दोन, उत्तरं दोन. पाणिनीने जी अट सूत्रातच घातली ती इथे मोकळी राहिली आणि तिथेच मतभेद शिरला. 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असं म्हणण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्या म्हणण्याचा आम्हाला कंटाळा आहे. सांगायचं इतकंच, की अक्षरास अक्षर लावण्याचा प्रश्न जुना आहे आणि त्यातल्या अडचणीही जुन्याच आहेत.

आता दुसरी बाजू. तक्ता सिद्धांत मांडत नाही असं आम्ही मघाशी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगण्यासाठीच आज उभे आहोत. घरांत काय भरायचं याविषयी तक्ता काही बोलत नाही. पण घरं असण्याविषयीच त्याची तीन गृहीतकं आहेत. एक, प्रत्येक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि तो घराचा क्रमांक होऊ शकतो. दोन, एका अक्षराचं उत्तर एकच अक्षर असतं. तीन, उत्तर काढताना शेजारी कोण आहे हे पाहावं लागत नाही.

पहिल्यापासून सुरुवात करू. युनिकोड मजकूर साठवण्याची आजची रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आपला 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. सी भाषेला लांबी विचारा, ती पंधरा सांगते.

बरं, हे तीन आकडे १२७च्या वरचे आहेत, हे ध्यानात ठेवा. सी भाषेत अक्षर ठेवण्याचा जो साधा प्रकार आहे, 'कॅर', तो ऋण आकडे धरतो की नाही, हे भाषेने ठरवलेलं नाही. ते यंत्रावर आणि कंपायलरवर सोडलं आहे. इंटेलच्या जातीच्या यंत्रांवर तो सहसा ऋण आकडे धरतो. तिथे २२४ म्हणजे उणे ३२, १६४ म्हणजे उणे ९२ आणि १७४ म्हणजे उणे ८२. आता तक्त्यात उणे ३२ क्रमांकाचं घर शोधा बघू! ते नाहीच. पण सी भाषा अडवत नाही. ती तक्त्याच्या सुरुवातीच्या ३२ घरं अलीकडे जाते, स्मृतीत तिथे जे काही पडलेलं असेल ते उचलते आणि आपल्या 'म'च्या जागी ठेवते. कधी कचरा येतो, कधी कार्यक्रम कोसळतो. कधी योगायोगाने सगळं ठीक दिसतं, आणि ही तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट.

कर्निगन-रिची यांना हे माहीत नव्हतं का? होतं. त्याच दुसऱ्या प्रकरणात ते सांगतात, की अक्षराचा पूर्णांक करताना तो ऋण होईल की नाही हे यंत्रागणिक बदलतं. त्याला जोडून एक हमीही देतात : यंत्राच्या प्रमाणित छापील अक्षरसंचातलं कोणतंही अक्षर कधीच ऋण होणार नाही. वाक्य निर्दोष आहे. पण आम्ही ते वाचताना थबकलो. हमी कुणाला दिली आहे? यंत्राच्या प्रमाणित संचाला. 'म' त्या संचात नाही, 'ळ' नाही, फ्रेंचांचं स्वरचिन्हवालं 'ई'सुद्धा नाही. या हमीच्या बाहेर जगातल्या बहुतेक लिप्या उभ्या आहेत. आम्ही याला कुणाचा दुष्टावा म्हणत नाही. १९७८ साली न्यू जर्सीत बसून लिहिणाऱ्यांसमोर ज्या अक्षरांचे कागद होते त्यांचाच त्यांनी विचार केला. पण शिकवणाऱ्यांनी ते वाक्य पुढच्या पिढ्यांना जसंच्या तसं दिलं. आपल्या वर्गांतही बाहेरच्या अक्षरांचं काय होतं हे क्वचितच फळ्यावर आलं. उपाय तर एका शब्दाचा आहे. बाइट 'अनसाइन्ड' म्हणून वाचा, मग क्रमांक वापरा.

विट्गेनस्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये तक्त्याचा विचार अनेकदा येतो. एके ठिकाणी तो विचारतो, की तक्ता आडवा वाचायचा हे कुठे लिहिलं आहे? कुणी तिरका वाचला तर? वाचण्याचे बाण काढून दिले तरी ते बाण कसे वाचायचे याचा नियम लागेलच. विद्यार्थ्यांना हे शब्दांचे खेळ वाटत. पण इथे पाहा : तक्ता तोच, बाइट तोच, आठ बिटं तीच. एक यंत्र त्यांना २२४ वाचतं, दुसरं उणे ३२. तक्ता कसा वाचायचा हे तक्ता स्वतः सांगू शकत नाही. ते बाहेरून, एका शब्दात, माणसाने लिहावं लागतं.

समजा, तो शब्द लिहिला. तरी भागतं का? 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. देवनागरी आठचा आकडा, '८', म्हणजे २२४, १६५, १७४. शेवटचा बाइट सारखाच. १७४च्या घरात मी काय लिहू? एकट्या १७४ला अर्थच नाही. तो कुणामागून आला यावर तो 'म' आहे की '८' हे ठरतं. तेव्हा यूटीएफ-८मधल्या देवनागरीला बाइटांचा तक्ता लावायचाच नसतो. आधी बाइट जोडून चिन्ह करायचं, मग पाहायचं.

दुसरं गृहीतक, एकास एक. जर्मन 'एसझेट' हे छोटं अक्षर मोठं करायला जा, रूढ लेखनात त्याचे दोन 'एस' होतात. एका घरात दोन अक्षरं मावत नाहीत. तिसरं गृहीतक, शेजारी न पाहण्याचं. ग्रीक 'सिग्मा' मोठा असताना एकच असतो. छोटा करताना शब्दाच्या मध्ये एक रूप आणि शब्दाच्या शेवटी दुसरं. शब्द कुठे संपतो हे पाहिल्याशिवाय उत्तर नाही.

आता हे सगळं आपल्या घरात आणू. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकला जात होता. अनेक ठिकाणी अजूनही जातो. त्या फाँटांत आकडे अक्षरांना दिलेले नसत, आकारांना दिलेले असत. कागदावर जो तुकडा आधी दिसतो तो आधी. 'कि'मधली वेलांटी आधी दिसते, म्हणून आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : आधी 'क', मग वेलांटी. रफार उलट. दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून फाँटात नंतर येतो. युनिकोडमध्ये तो 'र्' म्हणून आधी हवा.

आता कुणी असा मजकूर घेऊन नुसता तक्ता लावला तर काय होईल? प्रत्येक तुकड्याचं उत्तर बरोबर येईल आणि शब्द चुकेल. 'धर्म'चा 'धमर्' होईल. 'कार्य'चं 'कायर्'. अर्चना नावाच्या बाईचं नाव 'अचर्ना' होईल. असली नावं आम्ही छापील याद्यांत पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. एका कार्यालयात आम्ही हे दाखवलं, तर उत्तर मिळालं, "सर, कन्व्हर्टरमधूनच तसं आलंय." जणू पाऊस आला.

याहून बारीक दोष डोळ्यांना दिसतच नाही. अनेक फाँटांत 'आ' हा 'अ' आणि काना असे दोन तुकडे जोडून काढत. तक्त्याने त्याचे 'अ' आणि काना असेच दोन युनिकोड आकडे दिले, तर पडद्यावर कित्येकदा 'आ'च दिसतो. पण तो 'आ' नाही. शोधायला 'आई' लिहा, ती सापडणार नाही. कागद कपाटात आहे, दिसतो आहे, आणि नाव पुकारलं तर ओ देत नाही. आपल्या नियतकालिकांचे जुने अंक, लेखकांनी टंकून ठेवलेली हस्तलिखितं, संस्थांचे अहवाल अशा किती मजकुराची ही गत झाली असेल, विचार करा. तो मजकूर जळला असता तर निदान कळलं तरी असतं.

इथे आम्हाला भारतीय तत्त्वज्ञानातला एक थोर वाद आठवतो. अर्थ कशातून कळतो? कुमारिल भट्टासारखे मीमांसक म्हणाले, वर्णांतूनच. वर्ण हेच खरे, त्यांच्यापलीकडे शब्द म्हणून वेगळं काही मानायची गरज नाही. भर्तृहरी म्हणाला, वर्ण हे विश्लेषणासाठी पाडलेले तुकडे आहेत; कळतो तो अखंड स्फोट. आम्ही हा वाद वर्षानुवर्षं शिकवला. तक्ता तर कुमारिलाच्याही पुढे जातो. मीमांसकांना वर्णांचा क्रम तरी महत्त्वाचा होता. 'नदी' आणि 'दीन' यांतला फरक त्यांना सांगावाच लागे. तक्ता क्रमाकडे पाहतच नाही. तो प्रत्येक वर्णाला एकटं बोलावतो आणि एकटं परत पाठवतो.

मग काय, तक्ता टाकून द्यायचा? मुळीच नाही. पाणिनीकडे परत चला. इच्या जागी य, उच्या जागी व, ही यादी त्याने ठेवलीच. पण तिच्या शेजारी अट लिहिली : पुढे स्वर असेल तर. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होतं, 'सु' आणि 'आगत' मिळून 'स्वागत' होतं. पण 'इति' एकटा असेल तर 'इति'च राहतो. तक्ता आहे, आणि तक्ता केव्हा उघडायचा याचा नियमही आहे. फाँटातून युनिकोडकडे नेणारे चांगले कार्यक्रम हेच करतात. आधी तक्ता लावतात, मग वेलांटी उचलून व्यंजनामागे नेतात, रफार उचलून अक्षराच्या अलीकडे आणतात, 'अ' आणि काना जवळ दिसले की 'आ' करतात. काम कष्टाचं आहे, पण अवघड नाही. फक्त ते करावं लागतं हे कुणाला तरी वाटलं पाहिजे.

तेव्हा आमचं मत सरळ सांगतो. तक्ता ही उत्तम युक्ती आहे. ती वेगवान आहे, उघडी आहे, तिच्यातला प्रत्येक निर्णय बोट ठेवून दाखवता येतो. तिचा दोष एकच : ती कधीच 'मला कळलं नाही' असं म्हणत नाही. प्रत्येक घरात काहीतरी असतंच, म्हणून प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळतंच. जे साधन नेहमीच उत्तर देतं त्याच्या शेजारी शंका घेणारा माणूस बसवावा लागतो.

इथे सी शिकणारी तरुण मंडळी आहेत. त्यांना एवढीच विनंती, की तक्ता लिहून झाला की त्याला इंग्रजी वाक्य देऊन समाधान मानू नका. त्याला 'मराठी' द्या, 'बाळ' द्या, 'अर्चना' द्या. काय परत येतं ते डोळ्यांनी पाहा, आणि मग तेच शब्द शोधून सापडतात का, तेही पाहा.